हप्ते भरणारा देश, बुडालेल्या बँका

‘आपल्याकडे अमेरिकेसारखं कधी होणार नाही. आपला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण घराचा हप्ता चुकवणार नाही.’ बँकेची काही बातमी आली की मुलुंडचे काका घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे टाकतात आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. काकांचं म्हणणं खोटं नाही. पण मी डब्लिनला राहतो. इथली माणसंही हप्ते भरतच होती, आणि तरी बँका बुडाल्या.

गृहकर्जाचं संकट म्हटलं की सगळ्यांना अमेरिका आठवते. ऐपत नसलेल्यांना कर्जं, मग थकबाकी, मग लेहमन ही बडी बँक बुडाली. आयर्लंडमध्ये क्रम निराळा होता. २००७पर्यंत घरांचे भाव चढत गेले, काही बँका तर किमतीच्या शंभर टक्के कर्ज देत होत्या. पण बँकांचं कंबरडं मोडलं ते बिल्डरांना जमिनीसाठी आणि बांधकामासाठी दिलेल्या कर्जांनी. शिवाय वाटलेल्या पैशातला बराचसा ठेवीदारांचा नव्हताच, परदेशातून थोड्या मुदतीवर उचललेला होता. तीस वर्षांत परत येणारं कर्ज द्यायचं आणि स्वतःची उधारी दर काही महिन्यांनी नवी करत राहायची. सप्टेंबर २००८मध्ये लेहमन गेली आणि नवी उधारी कुणी देईना. सामान्य माणसाचे हप्ते त्या महिन्यातही बहुतेक वेळेवरच जमा होत होते.

२९ सप्टेंबरच्या रात्री बैठका चालल्या आणि सकाळी सरकारने सहा संस्थांच्या ठेवी आणि बहुतेक देण्यांची हमी जाहीर केली. रक्कम होती सुमारे ४४० अब्ज युरो. बँका वाचवण्यात शेवटी सरकारचे ६४ अब्ज युरो गेले. देश जेमतेम पंचेचाळीस लाखांचा, म्हणजे माणशी चौदा हजार युरो. त्यातले निम्म्याहून जास्त अँग्लो आयरिश आणि आयरिश नेशनवाइड या दोनच संस्थांत ओतले गेले, आणि अँग्लो तर मुख्यतः बिल्डरांचीच बँक होती. त्या बिल्डरकर्जांसाठी सरकारने ‘नामा’ नावाची संस्था काढली. तिने ७४ अब्जांची कर्जं बँकांकडून ३२ अब्जांना घेतली.

हप्ते थकले ते यानंतर. बांधकामं थांबली, नोकऱ्या गेल्या, भाव निम्म्यावर आले. २०१३पर्यंत साधारण दर आठ गृहकर्जांतलं एक तीन महिन्यांहून जास्त थकलेलं होतं. बँक आजारी पडली ती वरून, आणि ताप सामान्य कर्जदाराला चढला. डब्लिनच्या पश्चिमेला अ‍ॅडम्सटाउन आहे, आज तिथे पुष्कळ भारतीय राहतात. तिथलं रेल्वे स्टेशन २००७मध्ये झालं आणि पुढे कित्येक वर्षं स्टेशनाभोवती गावच वाढेना. मी या देशात आलो तो हे सगळं उरकल्यावर. पण २०११मध्ये तूट भरायला लावलेला ‘यूएससी’ नावाचा कर अजूनही दर महिन्याच्या पगारपत्रकावर असतो. अँग्लोचा मी ना खातेदार, ना कर्जदार.

खरी गंमत ट्रॅकर कर्जांची. त्या काळात बँकांनी ‘युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर अधिक एक टक्का’ अशा बोलीवर तीस-तीस वर्षांची कर्जं वाटली होती. संकटात तो दर कोसळला, पण आयरिश बँकांना स्वतःला त्या भावात पैसा मिळेना. एक पै न चुकवणारा कर्जदारच तोट्याचा झाला! माझ्या ऑफिसातल्या एकाकडे असं कर्ज आहे. त्याने मला फोनवर जुनं विवरण दाखवलं होतं, व्याज एक टक्क्याच्या आसपास. बँक त्याला पत्रं पाठवायची, हे कर्ज सोडून दुसऱ्या योजनेत या, मुद्दलात सूट देतो. तो हलला नाही. सगळ्यांना ते जमलं नाही. निरनिराळ्या बँकांनी मिळून चाळीस हजारांहून जास्त खातेदारांना हक्काचा ट्रॅकर दर नाकारला किंवा चुकीचा लावला. चौकशीत ते बाहेर आलं, बँकांना दंड झाले. काहींची घरं मात्र तोवर गेली होती.

म्हणून भारतात ‘रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना उधार देते तो दर) उतरला की त्याच दिवशी हप्ता उतरलाच पाहिजे’ अशी हाकाटी होते तेव्हा मी जरा थबकतो. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोला, बांधलेली आहेत. कर्जदाराच्या बाजूने हे चांगलंच. पण बँक पैसा आणते काकांच्या पाच वर्षांच्या एफडीतून, आणि त्या एफडीचा दर रेपोबरोबर उतरत नाही. आपल्याकडे बँका रेपोवर साधारण दोन-तीन टक्के लावतात आणि ठेवींचा पायाही भक्कम आहे, त्यामुळे आयर्लंडसारखी वेळ येईल असं मला वाटत नाही. पण तो वरचा टक्का बँकेचा निव्वळ हावरेपणा असतो, हेही मला पटत नाही.

आणि बिल्डर? मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेची जवळजवळ तीन चतुर्थांश कर्जं एकट्या एचडीआयएल या बिल्डर गटात अडकली होती आणि ती खोट्या खात्यांआड लपवलेली होती. सप्टेंबर २०१९मध्ये ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. आयर्लंडमध्ये ठेवीदार सुखाने झोपला आणि करदाता भरडला, भारतात ठेवीदारच रांगेत उभा राहिला. थकबाकीदार तर दोन्हीकडे तिसरेच होते.

रिझर्व्ह बँकेने मे २०२४मध्ये मसुदा काढला होता की प्रकल्पाचं बांधकाम चालू असताना कर्जाच्या पाच टक्के रक्कम, कर्ज बुडालंच तर म्हणून, बँकांनी तरतूद करून बाजूला ठेवावी. कर्ज महागेल म्हणून ओरड झाली. जून २०२५च्या अंतिम नियमांत ती साधारण एक टक्क्यावर आली, व्यापारी बांधकामाला सव्वा टक्का. पाच टक्के जास्त होते असं म्हणता येईल, पण मला सव्वा फारच कमी वाटतो. त्याच जूनमध्ये रेपो अर्ध्या टक्क्याने उतरला होता. हप्ता किती कमी होणार यावर आमच्या ग्रुपवर दोन दिवस हिशेब चालले. तरतुदीची बातमी मी टाकली, तर काकांनी विचारलं, ‘याने ईएमआयला काय फरक पडतो?’ ईएमआयला काहीच नाही, मी लिहिलं, पण तुमची एफडी त्याच बँकेत आहे ना.