शॅम्ब्लिंग माउंडला विसरलात!

खेळांतल्या शत्रूंवरचा लेख आवडला, पण ‘झाडं जागची हलत नाहीत, म्हणून शत्रू म्हणून फिकी पडतात’ हे काही पटलं नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळातला शॅम्ब्लिंग माउंड आठवा. कुजलेल्या पाल्याचा चालता ढिगारा! आमच्या जादूगाराने मोठ्या ऐटीत त्याच्यावर वीज पाडली. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत विजेने त्याला इजा तर होत नाहीच, उलट जेवढं नुकसान व्हायचं तेवढे त्याचे हिट पॉइंट्स (जीव मोजायचे गुण) भरून येतात. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) गालात हसत होता तेव्हाच कळायला हवं होतं. पुढची दोन वर्षं त्या जादूगाराला आम्ही ‘महावितरण’ म्हणत होतो.

आणि न हलणाऱ्यांचं म्हणाल, तर त्याच खेळातलं श्रीकर (shrieker, म्हणजे किंचाळणारं) घ्या. बिचारी अळंबी, चावत नाही की मारत नाही. मात्र तीस फुटांच्या आत कुणी आलं किंवा मशाल दिसली की किंचाळायला लागते, आणि तो आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो. मग अख्खं भुयार जागं! (अळंबी वनस्पती नव्हे हे मान्य, पण त्या आवृत्तीत तिची गणना वनस्पतींतच आहे. जीवशास्त्रवाल्यांनी मनावर घेऊ नये.)