अमूर्तात उतरण्यापूर्वी

जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळाली म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. आता उरला चित्रांचा प्रश्न, आणि तो तुम्ही समजता तेवढा मोठा नाही. तुम्ही अमूर्त चित्रं करणार आहात, त्यातही आध्यात्मिक अमूर्त. हा निर्णय शहाणपणाचा आहे. निसर्गचित्रातलं आंब्याचं झाड आंब्यासारखं दिसत नाही हे शाळकरी पोरही सांगतं. व्यक्तिचित्रात नाक चुकलं की ज्याचं नाक त्याची बायको बोलून दाखवते. आत्म्याचं नाक अजून कोणी पाहिलेलं नाही.

सुरुवात निवेदनापासून करा, म्हणजे चित्रांबद्दल चित्रकार स्वतः लिहितो त्या मजकुरापासून. चित्रं आदल्या रात्रीपर्यंत करता येतात, निवेदन मात्र छापायला आधी द्यावं लागतं. त्यात शून्य, स्पंदन, अंतर्नाद, ऊर्जा आणि प्रवास हे शब्द हवेतच. प्रवास 'आतला' आहे हे स्पष्ट लिहा, नाहीतर ओपनिंगला आलेले काका 'कुठं गेला होतात?' म्हणून विचारतील. पंचमहाभूतांवर मालिका केलीत तर फार बरं. एकाच विषयात पाच मोठे कॅनव्हास बसतात आणि विषय आपल्याच संस्कृतीतला असल्यामुळे कोणी हरकत घेत नाही. आकाश सगळ्यात सोपं. पृथ्वीला पुट्टी जास्त लागते.

पुट्टीवरून आठवलं, सामानाची यादी कोणाला दाखवू नका. अध्यात्माच्या धंद्यातलं हे पहिलं पथ्य आहे. हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीची पुट्टी आणा, थोडा फेविकॉल घाला, थापीनं कॅनव्हासवर जाड थर द्या आणि ओला असतानाच त्यातून कंगवा फिरवा. झाले तरंग. भिंत हलत नाही म्हणून तिच्यावरची पुट्टी टिकते. कॅनव्हास हवेबरोबर ताणतो आणि सैल पडतो, त्यामुळे त्यावरची पुट्टी आज ना उद्या तडकणार. पण तो 'उद्या' आहे, आणि तुमचं निवेदन वर्तमान क्षणात जगायला सांगतं. वर थोडी सोनेरी बेगड चिकटवा. खरा सोन्याचा वर्ख परवडत नाही, आणि पितळेची बेगड वॉर्निश न लावता मुंबईच्या खाऱ्या हवेत ठेवली तर हिरवट काळी पडते. वॉर्निशही परवडत नसेल तर त्या काळेपणाला 'काळाचा स्पर्श' म्हणा. चित्राखालच्या पट्टीवर लिहा: मिश्र माध्यम.

आता थोरामोठ्यांबद्दल सावध करतो. त्यांची नावं निवेदनात घ्यायची, पण त्यांच्यासारखं काम करायला जायचं नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचंच बघा. जन्म नागपूरचा, वाढले गिरगावातल्या चाळीत, शिकले जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, झेनची गोडी, बोलणं कमी. इथपर्यंत ठीक, एवढं तुम्हालाही जमेल. पण हा माणूस पुढे सामानातच अडकून पडला. रोलरनं पातळ रंग पसरायचा, सुरीनं खरवडून काढायचा, रंग लावलेले कागदाचे तुकडे दाबून त्यांचे ठसे घ्यायचे, मग वाळू द्यायचं आणि बघत बसायचं. पुन्हा एक थर, पुन्हा बघत बसायचं. खालचा थर वरच्यातून कितपत दिसू द्यायचा याचाच विचार. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास, बस. तुमच्या शोला पस्तीस हवेत. त्यांचं 1961 सालचं एक चित्र 2021 मध्ये लिलावात 39.98 कोटींना गेलं हे खरं, पण ते स्वतः 2001 मध्येच वारले होते. शिकवण सरळ आहे: मौन घ्या, थर घेऊ नका.

चित्रकार रझांचं तसंच. शाळेत असताना मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे एकटक बघायला लावलं, आणि तो बिंदू पॅरिसमध्ये जाऊन मोठा झाला. हे सांगायला छान आहे. मध्ये गेलेली काही दशकं, तेलरंग सोडून अॅक्रिलिकवर येणं, एकाच काळ्या वर्तुळाभोवतीच्या रंगांची पुन्हापुन्हा केलेली जुळवाजुळव, हे सगळं गाळा. ओपनिंगला हातात सरबताचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एवढं ऐकायला वेळ नसतो.

परदेशातली उदाहरणं तर आणखी वाईट. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनला अनंताचा निळा रंग हवा होता. सुकी भुकटी अशी झगझगीत निळी दिसायची की डोळे दिपावेत, पण तेलात कालवली की मंद पडायची. दुसरा कोणी असता तर 'अनंत मंद आहे' असं निवेदन लिहून मोकळा झाला असता. हा पॅरिसमधल्या एका रंगविक्याला गाठून बसला, आणि दोघांनी मिळून भुकटीची झळाळी न मारता ती धरून ठेवणारं कृत्रिम राळेचं द्रावण शोधलं. मग 1960 मध्ये त्याची रीतसर नोंदही केली. म्हणजे अनंताचं मूळ रसायनाच्या बाटलीत होतं, आणि हे त्यानं लपवलं नाही! एका बाबतीत मात्र तो तुमच्या उपयोगाचा आहे. 1959 पासून त्यानं चक्क रिकामी जागा विकायला काढली. मोबदला शुद्ध सोन्यात. गिऱ्हाइकानं पावती जाळली की हा निम्मं सोनं सेन नदीत टाकणार. आपल्याकडे यात दोन अडचणी आहेत. जीएसटीची पावती जाळून चालत नाही, आणि मुठा नदीत टाकलेलं सोनं शोधायला लगेच पंधरा जण उतरतात.

अमेरिकी चित्रकार रॉथ्कोनं हार्वर्ड विद्यापीठाच्या जेवणघरासाठी मोठी चित्रं केली आणि त्यात लिथॉल रेड नावाचा लाल वापरला. तो उजेडात टिकत नाही. काही वर्षांत किरमिजी रंगाचा फिकट निळा झाला आणि 1979 पर्यंत चित्रं काढून ठेवावी लागली. पुढे 2014 मध्ये ती पुन्हा दाखवली, तेव्हा उडालेला रंग प्रोजेक्टरच्या प्रकाशानं भरून काढला होता. माणूस मृत्यू, परमानंद असल्या गोष्टी रंगवायला बसला होता आणि त्याला आडवी आली एका रंगाची डबी. तुमच्या चित्रांना ही भीती नाही. ती जेवणघरात लागतील, पण इतकी वर्षं कोणी ठेवणार नाही.

मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार अनीश कपूरचं एक काम आहे, जमिनीतला काळा खड्डा. आत असा रंग दिलेला की खोली कळतच नाही, सपाट काळं वर्तुळ वाटतं. 2018 मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्या शून्यात खरोखरच पडला. सुमारे अडीच मीटर. शून्याचा तळ सिमेंटसारखाच लागतो हे त्याला कळलं असणार. म्हणून माझा सल्ला असा की शून्य नेहमी भिंतीवर टांगा, तेही डोळ्यांच्या उंचीवर.

विक्रीच्या भावाचं सांगतो, कारण इथं नवशिके चुकतात. आत्म्याचा भाव चौरस इंचावर लावायचा असतो. हसू नका, आपल्याकडे गॅलरीत कितीतरी जण असंच करतात. तुमचं मौन दोन फूट बाय दोन फूट असेल तर ते एवढ्याला, आणि चार बाय सहाचं असेल तर तेवढ्याला. इंटिरिअरवाल्याला इंचाचा हिशेब समजतो, आणि चित्र शेवटी तोच घेणार आहे. तो मोबाइलवर सोफ्याचा फोटो दाखवील. त्या सोफ्याच्या रंगाचं एक 'अंतर्नाद' गाडीत तयार ठेवा. वास्तूचंही विचारतील. ईशान्येला निळं, आग्नेयेला लाल, एवढं पाठ असलं की पुरतं. चित्राशेजारी 'विकलं गेलं'ची लाल टिकली लागली की समजा बिंदूचा साक्षात्कार झाला. पहिल्याच दिवशी दोन टिकल्या स्वतःच लावून ठेवा, त्याशिवाय तिसरी लागत नाही.

एक धोका उरतो. प्रदर्शनात एखादा म्हातारा येतो, बहुतेक जे.जे.चा जुना विद्यार्थी. तो निवेदन वाचत नाही. सरळ कॅनव्हासला नाक लावतो, कडेनं वाकून मागची पट्टी बघतो, बोटाचं नख पुट्टीजवळ नेतो आणि विचारतो, 'प्रायमर किती हात दिलात?' यावर डोळे मिटून घ्या. तो पुन्हा विचारेल. तेव्हा मुलाखत द्यायला जायचंय असं सांगा.

दोनेक पावसाळे गेले की गिऱ्हाइकाचा फोन येईल. पोपडे सोफ्यावर पडतायत, मागून बुरशी आलीय, एक कोपरा काळा पडलाय. गडबडून जाऊ नका. त्याला रशियन चित्रकार मालेविचचं नाव सांगा. 1915 मध्ये पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात त्यानं आपला काळा चौकोन खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला, रशियन घरात देवाची तसबीर असते तिथं. तो चौकोन आज जुन्या मातीच्या जमिनीसारखा भेगाळलाय, तरी मॉस्कोच्या संग्रहालयात मानानं लावलेला आहे. एवढं ऐकूनही गिऱ्हाईक पैसे परत मागत असेल, तर चित्र परत घ्या. 2015 मध्ये क्ष-किरणांखाली बघितलं तेव्हा त्या काळ्या चौकोनाखालीही दोन जुनी रंगीत चित्रं निघाली होती. तुम्हीही वर पांढऱ्याचा एक हात मारा, पुट्टी नव्यानं थापा आणि पुढच्या शोला 'पुनर्जन्म' म्हणून लावा. फक्त या वेळी चौरस इंचाचा भाव सांगू नका, वजनावर घ्या.