"माझे वडील रोजच असं चालवायचे": एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. ते सगळं खोडलं. त्यात मी नुसता स्वतःचा बचाव करत होतो, आणि त्यातला बराचसा मलाच पटत नव्हता.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जळगावजवळ बांभोरीच्या गिरणा पुलावर पहाटे मी सायकलवर, मागे केळीचा ट्रक. त्याने हॉर्न वाजवला नाही, कट मारला नाही. पूल संपेपर्यंत माझ्या चालीने मागे आला आणि मग हात दाखवून पुढे निघून गेला. मी त्यावर पानभर लिहिलं आणि शेवटी त्याला 'रस्त्यावरचा देवमाणूस' म्हटलं. त्यावर अमळनेरहून तुम्ही लिहिलंत:

"माझ्या वडिलांनी २८ वर्षं ट्रक चालवला. पुलावर पुढे सायकल असली की ते रोजच असं चालवायचे. त्यांच्यावर कोणी लेख लिहिला नाही. एक ड्रायव्हर माणसासारखा वागला की तुम्हाला देव दिसतो, मग एरवी आम्ही कोण तुमच्या लेखी? तुमची सायकल हौसेची. रात्री एमआयडीसीतून सुटणाऱ्या, साध्या काळ्या सायकलवरच्या कामगारावर कधी लिहिलंत का? आणि सायकलवाले मागे न बघता मध्येच वळतात त्याचं काय? ड्रायव्हरसाठी सायकलवाला काय करतो, तेही एकदा लिहा."

याखाली दोघातिघांनी तुम्हाला 'निगेटिव्ह' म्हणून झोडपलं. ते मला आवडलं नाही. एवढ्या सरळ शब्दांत मला फार कमी लोकांनी सुनावलंय.

'देवमाणूस' हा शब्द मागे घेतो. एखाद्या मास्तरांना "वा, आज तुम्ही शिकवलंत!" असं म्हणावं, तसं झालं ते. कौतुक म्हणून बोललो आणि निघाला टोमणा. पण मला आश्चर्य का वाटलं हे मात्र सांगू द्या, कारण ते तुमच्या वडिलांबद्दल नव्हतं, माझ्या भीतीबद्दल होतं. दोन ॲक्सलच्या ट्रकला भरून १८.५ टनांपर्यंत परवानगी आहे. मी आणि माझी सायकल मिळून ९० किलो. म्हणजे मागे जवळजवळ दोनशेपट वजन. लोड गाडी वेगात शेजारून गेली की हवा आधी सायकलला बाहेर ढकलते आणि गाडी पुढे सरकली की आत ओढते. मोकळ्या रस्त्यावर हात-दीड हात डुललं तर चालून जातं. पुलावर एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला चाक. तिथे डुलायला जागा कुठे? घाबरलेल्या माणसाला साधं वागणंही डोंगराएवढं वाटतं, आणि त्या दिवशी मी घाबरलेलो होतो. हे लेखात लिहायला मला लाज वाटली, म्हणून त्याच्या चांगुलपणाचं वर्णन जास्त झालं.

एक गोष्ट तर मी लेखातून चक्क गाळलीच होती. त्या ट्रकच्या मागे एक कालीपिली आणि दोन-तीन कार अडकल्या होत्या आणि त्या सगळ्या हॉर्नवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना मी दिसतच नव्हतो. त्यांना दिसत होता रेंगाळणारा ट्रक. शिव्या त्याला पडत होत्या. केळीची गाडी म्हणजे वेळेचा मामला, हे तुम्हाला मी काय सांगणार. घड कापला की माल पिकायच्या वाटेला लागतो आणि बाजार गाठायचा असतो. अशा माणसाने माझ्यासाठी दीड-दोन मिनिटं घालवली आणि वर मागच्यांची बोलणी खाल्ली. तुमचे वडील २८ वर्षं हेच करत असतील, तर त्यांनी किती अनोळखी सायकलवाल्यांच्या वाटच्या शिव्या खाल्ल्या असतील!

आता एक कबुली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत ट्रकचालकांचं आंदोलन झालं होतं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. मी त्या रांगांशेजारून सायकलवर शीळ घालत गेलो, घरी येऊन फोटोही टाकला, खाली हसरा चेहरा. ते कशासाठी थांबलेत याची चौकशी नंतर केली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, निष्काळजीपणे कुणाचा जीव घेऊन पोलिसांना न कळवता निघून गेलेल्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. सायकलवाला म्हणून मला ती शिक्षा रास्त वाटली, आजही बरीचशी वाटते. पण चालक विचारत होते, थांबलो तर जमाव आम्हाला जिवंत सोडेल का? चूक कोणाची हे विचारायच्या आधी केबिनची काच फुटते. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं. बरोबर की चूक, यावर तुमच्या घरात माझ्यापेक्षा खोल चर्चा झाली असेल. मी तेव्हा फक्त हसलो होतो.

केबिनमध्ये मी आयुष्यात एकदाच बसलोय. मे महिना, पारा ४४-४५ च्या आसपास, पारोळ्याच्या अलीकडे माझा मागचा टायर फाटला. एक रिकामा ट्रक थांबला. ड्रायव्हर आमच्या खानदेशी बोलीत, अहिराणीत, म्हणाला, "इतला उनमा कथा चालनात भाऊ? टाका मांगे सायकल!" (एवढ्या उन्हात कुठे चाललात? टाका सायकल मागे!) धुळ्यापर्यंत पायाशी इंजिनची धग, समोरून काचेतून ऊन आणि खिडकीतून झळा. सायकलवर मी कधी एवढा भाजलो नव्हतो. सायकलवर निदान स्वतःचा वारा तरी असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिनची सक्ती झाली आहे, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचं काय? आणि मोटार वाहतूक कामगारांनी दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम करावं असं सांगणारा कायदा १९६१ सालीच झाला होता. तो तुमच्या वडिलांच्या वाट्याला कधी आला का, हे विचारायचीही सोय नाही. त्या केबिनमधून खाली उतरल्यावर त्या माणसाला मी चहा पाजू लागलो तर म्हणाला, उशीर झालाय. उशीर झालेला असूनही थांबला होता.

म्हणजे तुमचा पहिला मुद्दा मान्य. आता जिथे पटत नाही तिथे भांडतो.

सायकलवाले मध्येच वळतात, खरंय. पण ती लहर नसते हो. डांबराची कड आणि साईडपट्टी यात कित्येक ठिकाणी वीतभर उतार असतो, त्याखाली सुटा मुरूम. चाक एकदा खाली उतरलं की परत वर चढताना सायकल आडवी होते. म्हणून सायकलवाला कडेपासून थोडा आत चालतो आणि लोकांना वाटतं माजलाय. वरून खड्डा. सायकलवाल्याला तो ऐनवेळी दिसतो, आणि मागच्या ड्रायव्हरला तर दिसतच नाही, कारण तो माझ्या आड झाकलेला असतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मी खड्डा चुकवायला एक सेकंद घेतला, तेवढ्यात मागची गाडी सतरा मीटर पुढे आली. इथे दोघांपैकी कोणाचीच दानत वाईट नाही. खड्डा वाईट आहे. जळगावकर महामार्गालगत समांतर रस्ते मागत राहिले ते काय हौसेने?

हॉर्नचंही तसंच. लांबून, शंभर पावलांवरून एक छोटा 'पीं' वाजला तर मी त्या माणसाला मनात दुवा देतो. तोच हॉर्न कोपराजवळ आल्यावर वाजला तर दचकून हँडल हलतं, आणि मग त्याला मध्येच वळणं म्हणतात. पूर्वी क्लीनर डाव्या दारातून हात काढून पत्र्यावर थाप मारायचे. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, डाव्या कोपऱ्याखालचा सायकलवाला त्याला दिसत नाही. ती थाप म्हणजे त्याचा डावा डोळा. मला तो आवाज फार आवडायचा. आता किती गाड्या एकाच माणसावर चालतात, आणि डावी बाजू आंधळी.

आणि सगळे ड्रायव्हर तुमच्या वडिलांसारखे नसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात वाळूच्या एका डंपरने मला सरळ चारीत घातलं. मागची नंबरप्लेट चिखलाने लिंपलेली, की मुद्दाम लिंपलेली, देव जाणे. त्या पोराला खेपेवर पैसे मिळत असतील, मालक फोनवर ओरडत असेल, हे सगळं मला समजतं. समजून माझा गुडघा बरा झाला नाही.

काळ्या सायकलवाल्याचा मुद्दा मात्र मला लागला. फार लागला. अजिंठा चौफुलीवर रात्री उभं राहिलं की कळतं: दाळमिल, चटईचे कारखाने, पाइपचे कारखाने सुटले की माणसं निघतात, कॅरिअरला डबा, पुढे दिवा नाही, मागे काही नाही. आमच्या लहानपणी सायकलला दिवा नसला की पोलिस धरायचे, डबलसीट दिसलं तरी धरायचे, नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. तेव्हा तो जाच वाटायचा. पण त्या काळात मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा आणि लाल भिंग तरी असायचं. आताच्या स्वस्त गिअरच्या सायकलींना मडगार्डच नाही, तर पट्टा मारायचा कुठे? माझ्या सायकलला मागे लुकलुकणारा लाल दिवा आहे, डोक्यावर हेल्मेट, अंगात पोपटी जाकीट. मला लांबूनच ओळखतात: हा हौशी, डॉक्टर-वकील कोणीतरी असेल, जपून. साईड मिळते ती कधी कधी जाकिटाला मिळते. हे मी आजवर लिहिलं नव्हतं, कारण मला ते माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं.

आणि आता जे लिहिणार नव्हतो ते. दिवाळीत मी कार घेऊन असोद्याच्या रस्त्याने येत होतो. पुढे एक म्हातारबुवा, काळी सायकल, कॅरिअरवर गवताचा आडवा भारा, निम्मा रस्ता व्यापलेला. समोरून ट्रॅक्टर. मी हॉर्न दिला. एकदा नाही, तीनदा. ते घाईने खाली उतरायला गेले आणि भाऱ्यासकट कलंडले. मी गाडी हळू केली, आरशात बघितलं, ते उठून उभे राहिले, धोतर झटकू लागले. मी गेलो. घरी पाहुणे यायचे होते. दहा वर्षं सायकल चालवणारा, सायकलवर ब्लॉग लिहिणारा मी, आणि केळीच्या ट्रकवाल्याने जी दोन मिनिटं मला दिली ती त्या बाबांना देऊ शकलो नाही. तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा पहिल्यांदा त्या आरशातलं धोतर आठवलं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ड्रायव्हरसाठी सायकलवाला काय करतो? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. एकच गोष्ट मी करतो आणि तीही एका एसटी ड्रायव्हरने शिकवली म्हणून. उड्डाणपुलाच्या चढावर मागून लोड गाडीचा आवाज आला की मी खाली उतरून कडेला उभा राहतो. माझी दहा सेकंदं जातात. तो जर माझ्यामागे अडकला तर चढात त्याचा जोर मोडतो, खालचा गिअर टाकावा लागतो, मग ती गाडी वरपर्यंत रडत जाते आणि मागे लाइन लागते. पूर्वी मला वाटायचं, मी का उतरू, रस्ता माझाही आहे. आहेच. पण चढ त्याचा जास्त आहे. उतरलो की शंभरातले साठ-सत्तर जण एक हात वर करतात किंवा डिप्पर देतात. (आकडा माझ्या मनाचा, मोजलेला नाही.) वळताना हात दाखवणं, अंधारात दिवा लावणं, राँग साईडने न येणं, ही काही मेहेरबानी नव्हे, पण आमच्यातले निम्मे तेवढंही करत नाहीत, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

तुम्ही ओरडलात म्हणून एक काम झालं. आमच्या पंक्चरवाल्याकडे लाल रेडियमचा एक रोल ठेवलाय, पैसे मी दिले. काळी सायकल हवा भरायला आली की मागे दोन बोटं रुंद पट्टी लावायची, विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. चार दिवसांत अकरा सायकली. बारावा माणूस म्हणाला, कशाला, मला कोण ठोकतंय. त्यालाही लावली.

आता माझा एक प्रश्न, आणि तो तुमच्या वडिलांसाठी आहे. त्यांना वाचून दाखवा. त्या पुलावर मी कठड्याला अगदी चिकटून चाललो तर मागच्या गाड्यांना वाटतं जागा आहे, आणि त्या घुसतात. म्हणून मी मुद्दाम लेनच्या मध्ये चालतो, म्हणजे पूल संपेपर्यंत कोणी कट मारूच शकत नाही. माझे काही सायकलवाले मित्र याला शहाणपणा म्हणतात, काही आडमुठेपणा. ट्रकच्या काचेतून बघणाऱ्याला काय वाटतं हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. पुढचा सायकलवाला कुठे असला म्हणजे त्यांना बरं वाटायचं: कडेला, की समोर मध्ये? ते अहिराणीत बोलले तर तसंच लिहून पाठवा, मला समजते.