फेदर डस्टर हा ‘फुकटचा फिल्टर’ नव्हे

‘फेदर डस्टर म्हणजे रीफ टँकमधला फुकटचा फिल्टर. खाणं नको, देखभाल नको, माशांची घाण खाऊन पाणी साफ ठेवतो.’ (फेदर डस्टर म्हणजे नळीत राहणारा, डोक्यावर पिसारा असलेला समुद्री किडा; रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळ असलेली टाकी.) हा मेसेज, अशाच आणखी सल्ल्यांसह, फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि पठ्ठ्याने नुकत्याच सुरू केलेल्या टँकमध्ये हवाईयन फेदर डस्टर आणून ठेवलासुद्धा. वर मला विचारतो, “मामा, बरोबर आहे ना?” अरे, आधी विचारायचं!

‘घाण खातो’ हा यातला सगळ्यात घातक मुद्दा. तो पाणी गाळून खातो, इथवर ठीक. पण खातो काय? याच कुळातल्या साबेला पावोनिना या किड्यावर संशोधक निकोल यांचा 1930 सालचा सविस्तर अभ्यास आहे. पिसाऱ्यावरचे सूक्ष्म रोम पाण्यातले कण मुळाशी आणतात आणि तिथे आकारानुसार निवड होते. मोठे कण फेकले जातात, मधले चिकट स्रावात मिसळून नळी बांधायला वापरले जातात आणि तोंडात जातात ते फक्त सगळ्यात बारीक. मग माशांची विष्ठा आणि तळाशी पडलेल्या खाण्याच्या पेलेट्स तो खाणार कशा? आणि घाणीतून तयार होणारं नायट्रेट तर पाण्यात विरघळलेलं असतं, ते काय पिसाऱ्यात अडकणार आहे?

लाइव्ह रॉकबरोबर (जिवंत समुद्री जीव असलेल्या खडकाबरोबर) आपोआप आलेले छोटे डस्टर जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये काही न घालता वर्षानुवर्षं जगतात, हे मान्य करावं लागतं. त्यावरूनच कुणीतरी ही पुडी सोडली असणार. पण हाताएवढ्या लांब नळीतल्या मोठ्या किड्याला नव्या, स्किमरने (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राने) धुऊन काढलेल्या पाण्यात मिळणार काय? त्याला फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल, द्यावंच लागतं. त्यातलं नॅनोक्लोरोप्सिस चालतं, आयसोक्रायसिसही चालतं. स्किमर आणि वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) पंधरा-वीस मिनिटं बंद करायचे आणि पिपेटने पिसाऱ्याच्या थोडं वर हिरवा ढग सोडायचा. थेट पिसाऱ्यावर पिचकारी मारलीत, किंवा नुसती हाताची सावली पडली, तरी तो डोळ्याचं पातं लवायच्या आत नळीत गडप होतो. मग पिसारा पुन्हा उघडेपर्यंत थांबा.

‘पिसारा गळला की मेला, काढून टाका.’ किती जिवंत किडे यापायी कचऱ्यात गेले असतील! प्रवासाचा ताण, क्षारतेतला झटका, माशांचे टोचे, उपासमार, यातल्या कशानेही तो स्वतःच पिसारा टाकतो आणि काही आठवड्यांत नवा येतो. नवा आधी लहानच असतो. मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान येऊ लागला, तर समजा पोट भरत नाहीये. नळीतून ओढून बघायचं नाही. खरंच मेला असेल तर सडका वास येतोच.

‘भरपूर प्रकाश द्या’ म्हणे. कोरलसारखं त्याच्या अंगात शैवाल नसतं, त्यामुळे प्रकाशावर त्याचं पोट भरत नाही. कॅल्शियमचा डोसही याच्या नळीसाठी नको, ती चिखल आणि स्रावाची असते. ख्रिसमस ट्री वर्म आणि कोको वर्म यांच्या नळ्या चुन्याच्या, त्यांची गोष्ट वेगळी.

आणि शेवटी, ‘मासे आजारी पडले तर टँकमध्येच कॉपर टाका, किडा नळीत सुरक्षित असतो.’ अहो, तो श्वासही त्याच पिसाऱ्याने घेतो! कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, फेदर डस्टरच काय, कोळंबी, गोगलगाय, कोरल, कुणालाच सोडत नाही, आणि खडकात मुरलं की निघता निघत नाही. औषध द्यायचं ते मासे वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये हलवून तिथेच.