जुना बिल्ला घ्यायला जाताना चष्मा घरी ठेवा

दुसऱ्या महायुद्धातले लष्करी बिल्ले जमवायचा नाद तुम्हाला लागला असेल, तर आधी अभिनंदन. नागपुरात या नादाची सोय उत्तम आहे. शेजारी १८२१ पासूनची कामठीची छावणी, शहराच्या मधोमध सीताबर्डीचा किल्ला आणि पितळेला हवा तो आकार देणारे कारागीर हाकेच्या अंतरावर. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, असं विक्रेत्याला विचारायचं नसतं.

विक्रेता आधी आजोबा काढतो, मग बिल्ला. "डब्बल ओरिजनल आहे भाऊ. आमच्या आजोबाच्या टोपीवरचा. पाहून काय राहिले, घेऊन टाका न!" मागच्या महिन्यात हेच आजोबा आफ्रिकेत होते आणि या महिन्यात इटलीत निघाले, तरी मनात किंतु आणू नका. त्या युद्धात हिंदी सैन्यात पंचवीस लाख माणसं होती. आजोबांचा तुटवडा पडायचं काहीच कारण नाही.

बिल्ला हातात आला की त्यावरच्या मुकुटाकडे मात्र चुकूनही बघू नका. सगळा घोळ तिथेच होतो. युद्धाच्या काळात गादीवर सहावा जॉर्ज होता आणि तेव्हाच्या मुकुटाच्या कमानी टम्म फुगलेल्या पुरीसारख्या वर गेलेल्या असत. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी झाली, त्यानंतरच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खचलेल्या. मला एकदा मराठा लाइट इन्फन्ट्री या पलटणीचं रणशिंग, म्हणजे तिच्या बिल्ल्यावरची खूण, दाखवण्यात आलं. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी ज्या इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तिथलंच म्हणे. वर मुकुट छान खचलेला! आता गंमत बघा. आपण १९५० मध्ये प्रजासत्ताक झालो आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे राणीच्या मुकुटाखालचं मराठ्यांचं रणशिंग कुठल्याच सैन्यात, कुठल्याच साली नव्हतं. याहून दुर्मीळ वस्तू ती कोणती? मी घेतलं.

(चार्ल्स राजाने २०२२ मध्ये पुन्हा फुगीर मुकुट आणला. देव नकलाकारांची किती काळजी घेतो!)

महार रेजिमेंटच्या बिल्ल्याबाबतही असाच मनाचा मोठेपणा ठेवा. रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ती मशीनगनची रेजिमेंट झाली १९४६ च्या ऑक्टोबरात, युद्ध संपून वर्ष उलटल्यावर, आणि तेव्हा तिचं केंद्र आपल्या कामठीतच होतं. तरी एकमेकींवर आडव्या दोन मशीनगनी दाखवून कुणी "बेचाळीसचा माल" म्हणालं, तर त्याला ऑक्टोबर सांगत बसू नका. कामठीची बस पकडा, बिल्ला खिशात ठेवा आणि खिडकीबाहेर बघा.

बिल्ला उलटाही करू नका. डायवर (म्हणजे पोलादी ठशावर) ठोकलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यात पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खळगा असतो आणि रेघा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेची पाठ सपाट किंवा खडबडीत, कडेला बारीक छिद्रं आणि अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी विरघळलेली. शिवाय धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अस्सलावरून ओतलेली नक्कल किंचित लहान भरते. मोजपट्टी नेलीत तर विक्रेत्याला वाईट वाटेल. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

जुनेपणावर मात्र पूर्ण विश्वास ठेवा. व्हिनेगर, अमोनिया, चहाचं पाणी आणि मे महिन्यातली नागपूरची गच्ची एवढ्यावर पितळेला ऐंशी वर्षं पंधरा दिवसांत येतात. खरा शिपाई बिल्ला रोज घासायचा, म्हणून खऱ्याचे उंचवटे झिजलेले आणि मळ खाचांत साचलेला असतो. नकली बिल्ला सगळीकडून सारखाच काळा. ते दुःखाने काळवंडलंय असं समजावं.

पदकांबद्दल एवढंच सांगतो की आकडेमोड करू नका. ब्रिटिशांनी त्या युद्धासाठी तेव्हा आठ तारे काढले आणि एका माणसाला जास्तीत जास्त पाचच मिळायचे, असा नियम केला. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार हे दोन्ही तर एका छातीवर चालतच नसत. आमच्या ओळखीच्या विक्रेत्याच्या आजोबांच्या फोटोफ्रेममध्ये सात आहेत, हे दोन्ही धरून. घरची पुण्याई.

कापडी बिल्ल्यांच्या बाबतीत लोक फारच आगाऊपणा करतात. नोटा तपासायचा तो जांभळा दिवा घेऊन येतात. सिंथेटिक दोरा किंवा युद्धानंतरचा पांढरेपणा आणणारी रसायनं असली, तर बिल्ला त्या उजेडात निळसर चमकतो. (अस्सल बिल्लाही कुणी पुढे आधुनिक पावडरीत धुतला असेल तर चमकतो, हे त्यांना सांगू नका.) काही जण सुटलेला धागा जाळून बघतात. सुताची राख होते आणि कागद जळाल्याचा वास येतो, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. हा प्रयोग दुकानात करू नये. मी केला होता. चहा मिळाला नाही.

त्यापेक्षा माझी रीत धरा, शिवणीचे टाके बघा. दोन वर्षांपूर्वी एका रद्दीवाल्याकडे मला बर्मात लढलेल्या चौदाव्या आर्मीचा कापडी बिल्ला दिसला. लाल ढाल, तिच्यावर टोक खाली केलेली पांढरी तलवार. आजोबा नव्हते, कथा नव्हती. किंमत पोहे-तर्रीच्या दोन प्लेटची. मी तो नीट निरखला. तलवार एका अंगाला कललेली, मागे गाठी लोंबत होत्या. म्हटलं, साम्राज्याची फौज असलं गबाळं काम करेल? उगाच फसवतात! परत टाकला आणि शेजारून मशीनवर रेखीव शिवलेला दुसरा घेतला, चौपट पैसे देऊन.

पुढे कळलं की त्या काळी हिंदुस्थानातल्या फौजांचे कितीतरी बिल्ले छावणीच्या बाजारातले दर्जीच शिवत, एकेक, घाईघाईने, पलटण आघाडीवर निघायच्या आत. तो वाकडा बिल्ला आता माझ्या मित्राकडे काचेच्या फ्रेममध्ये आहे. त्याने जांभळ्या उजेडात धरून दाखवला, तेव्हा तो ढिम्म काळा राहिला. माझा रेखीव बिल्ला शेजारीच होता, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा.

मी मात्र त्याच्याकडे गेलो की अजूनही म्हणतो, टाके वाकडे आहेत रे बावा.