त्यात काय शिकायचं असतंय?

सांगलीला बदली होऊन आलो आणि पहिल्याच आठवड्यात मी वांग्याच्या भाजीत पुदिन्याची चटणी घातली.

चूक माझी नव्हती. घरमालकीणकाकूंनी जिन्यात उभ्या उभ्या कृती सांगितली होती. "काय नाही हो साहेब. तेल तापवायचं, कांदा टाकायचा, वांगी परतायची, दोन चमचे चटणी घालायची. झालं की!" मी ठाण्याचा. आमच्याकडे चटणी सँडविचला लावतात. फ्रीजमध्ये बाटली होती, दोन चमचे मोजून घातले. भाजीला शेवाळाचा रंग आला. काकूंनी झाकण उघडून पाहिलं, परत ठेवलं आणि एका शब्दानेही काही न बोलता वर गेल्या. खाली आल्या त्या हातात चिनीमातीची बरणी घेऊनच. आत लालभडक, ओलसर, नुसत्या वासानं ठसका लागेल असा कांदा-लसणाचा मसाला.

"ही चटणी," त्या म्हणाल्या. "ती तुमची काय हाय ती ब्रेडला लावा."

या माणसाला शिकवणीची गरज आहे, हे त्या दिवशी दोन्ही मजल्यांवर मान्य झालं.

शिकवणीला तोटा नव्हता. विश्रामबाग भागात कुकिंग क्लासचं पेव फुटलंय. हा वाक्प्रचार मी जन्मभर वापरत आलो, पण पेव म्हणजे नक्की काय ते कळलं एका रविवारी हरिपूरला संगमावर गेलो तेव्हा. कृष्णा-वारणेच्या त्या गावात हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे घेतलेले असत. त्यांत हळद भरून वरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि पुष्कळशी पेवं निकामी झाली. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो, असं तिथल्या एका आजोबांनी बजावून सांगितलं. आमच्या क्लासच्या खोलीला हा नियम लावायला हवा होता. दहा बाय बारात सोळा बायका, एक जर्मनीला निघालेला इंजिनियर मुलगा, मी, आणि मधोमध गार्लिक बटर.

शिकवणाऱ्या मॅडम फार हुशार. हातात माइक नव्हता, पण असल्यासारखं बोलायच्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो याच गावात, ते उगाच नाही. मॅडम ओव्हनचं दार उघडायच्या आधी दोन पावलं मागे सरत, वळून आमच्याकडे बघत आणि मगच उघडत. आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदा आत काहीच ठेवलेलं नव्हतं, तरी वाजवल्या.

पहिल्या दिवशी पनीर टिक्का पिझ्झा झाला. दुसऱ्या दिवशी मोमो. तिसऱ्या दिवशी निळ्या रंगाचं एक सरबत, ज्यात छत्री खोचायची होती. जर्मनीचा मुलगा सगळं मनापासून लिहून घेत होता. त्याच्या आईनं त्याला भाकरी शिकायला पाठवलं होतं, हे त्यानं मला चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये सांगितलं. तोवर त्याला छत्री खोचता येत होती.

केकच्या दिवशी सामानाची यादी आली. त्यात लिहिलं होतं, 'ड्रायफ्रूट मिक्स, ऑनलाइन मागवावे.' आता हे सांगलीत! ज्या गावच्या मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे होतात, ज्या बेदाण्याला २०१६मध्ये आणि हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावातल्या माणसानं बेदाणा पार्सलनं मागवायचा! मी मार्केट यार्डाजवळून पाव किलो हिरवा बेदाणा नेला. मॅडमनी दोन दाणे तोंडात टाकले, "छान आहे हो," म्हणाल्या आणि केकमध्ये पाकिटातलाच घातला. कारण 'रेसिपीत तोच आहे.'

शेवटी धीर करून विचारलं, "मॅडम, भरलं वांगं कधी घेणार?"

खोलीत शांतता पसरली. एक बाई चक्क हसल्या.

"सर, त्यात काय शिकायचं असतंय?"

हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं की सांगलीच्या वेशीवर त्याची पाटी का नाही, याचं नवल वाटायला लागलं. भाकरी? त्यात काय शिकायचं असतंय? अख्खा मसूर? त्यात काय शिकायचं असतंय? भडंग? ते तर वाण्याकडे मिळतंय की. मला जे जे हवं होतं ते ते सगळ्यांना येत होतं, म्हणून कुणीच शिकवत नव्हतं. आणि ज्याचा क्लास होता ते मॅडम सोडून कुणाच्याही घरी शिजत नव्हतं. संध्याकाळी क्लासमधून सुटलो की मी भडंगाचा पुडा घ्यायचो, त्यात कांदा चिरायचो आणि तेच जेवायचो. मोमो बँकेच्या शिपायाला द्यायचो. तोही आठवड्यानं जेवणाच्या सुट्टीत दिसेनासा झाला.

भाकरीसाठी मग काकूंचेच पाय धरले. काकू शिकवायला तयार, पण प्रमाण सांगायला नाही.

"पाणी किती?"

"लागंल तेवढं."

"गरम किती?"

"हात भाजंल इतकं. पण भाजून घ्यायचा न्हाई."

गव्हाच्या पिठात चिकटपणा उपजत असतो, ज्वारीच्या पिठात नसतो. तो उकळत्या पाण्यानं आणि मळण्यानं आणावा लागतो. हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून माहीत होतं. काठवटीत त्याचा उपयोग शून्य. पहिल्या भाकरीचा अर्धा भाग तव्यावर गेला, अर्धा माझ्या तळहातावर राहिला. दुसरी उचलताना पडली. तिसरी थापली तर चहूबाजूंनी चिरा. काकूंनी पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. "कधीचं हाय?"

मी काटकसर म्हणून तीन किलो दळून आणलं होतं. दोन महिने झाले होते.

"विरी गेली की याची!" काकू अशा सुरात म्हणाल्या, जसं काही घरातलं कुणीतरी गेलं. विरी म्हणजे तोच चिकटपणा. शाळूची ज्वारी आठ-पंधरा दिवसांपुरतीच दळायची असते, हे सोळा बायकांपैकी एकीनंही मला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर काय म्हणाल्या असत्या ते आता मला पाठ आहे.

एप्रिल उजाडला आणि काकूंनी वर्षाची चटणी काढली. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी. खोबरं, तीळ, धने, दगडफूल आणि आणखी वीसेक जिन्नस भाजताना दोन्ही मजले खोकत होते. कांदा तळून, लसूण सोलून सगळं तयार झाल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "शिकायचं हाय न्हवं? जावा डंकावर. आन हितं-तितं बघत बसू नका, डब्याकडं बघा."

डंकावर नंबर बावीस. लोखंडी मुसळं वरखाली आदळतायत, हवेत मिरची तरंगतेय आणि प्रत्येकाच्या तोंडाला ओढणी, टॉवेल, पदर, जे असेल ते. मी रुमाल विसरलो होतो. पाचव्या शिंकेला पुढच्या मावशींनी आपला जास्तीचा टॉवेल दिला. सहाव्या शिंकेनंतर मी त्याच हातानं डोळा चोळला. पुढची दहा मिनिटं मला फक्त ऐकू येत होतं.

पण काय ऐकलं! "आमच्यात धने जास्त घालत्यात." "अग बाई, धन्यानं जाळी लागती." "खोबरं किती घेतलंस?" "किलोला पाव." "पाव? चटणी हाय का बर्फी?" डोळा उघडल्यावर मी वही काढली. नंबर लागेपर्यंत चार कृती लिहून झाल्या. एकीचं दुसरीशी पटत नव्हतं.

माझ्यापुढं तीन नंबर सोडून ओढणीत गुंडाळलेली एक बाई उभी होती. दोन हातांत दोन डबे. नुसते डोळे दिसत होते, पण डंकवाल्याकडं जाताना ती आधी दोन पावलं मागं सरली आणि वळून सगळ्यांकडं बघितली, तेव्हा ओळखलं.

"मॅडम! बरं झालं भेटलात. तुमचं प्रमाण काय हो? किलो मिरचीला खोबरं किती?"

मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. ओढणी जराशी खाली घेतली.

"सासूबाई घालतात, सर," त्या हळूच म्हणाल्या. "मी नुसती कुटून न्यायला येते."