जीपीएसची फाइल बदलली म्हणून जागा अचूक सापडते का?

शनिवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात वाद पेटला, तो पार्सल पोहोचवणाऱ्या मित्रामुळे. अरुंद बोळात शिरले की नकाशावरचा निळा ठिपका शेजारच्या वाड्यात जाऊन बसतो, म्हणून त्याने फोन रूट केला, म्हणजे एरवी बंद असलेल्या आतल्या फाइली बदलण्याची मुभा मिळवली, जीपीएस डॉट कॉन्फ ही अँड्रॉइड फोनमधली जीपीएसच्या सेटिंगची फाइल उघडून वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जागी भारतातल्या सर्व्हरचा पत्ता लिहिला आणि फोन पुन्हा सुरू केला. पूर्वी मिनिटभर लागायचे, आता पाच सेकंदांत जागा सापडते, असे तो अगदी खात्रीने सांगत होता.

जमीनमोजणीत आयुष्य घालवलेल्या अण्णांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "त्याच्याआधी जागा शोधून किती वेळ झाला होता?"

"अर्धा तास झाला असेल, अण्णा."

"मग तू फाइल तपासलीच नाहीस, फोनची स्मरणशक्ती तपासलीस."

अण्णांचा मुद्दा मला पूर्ण पटला. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे 50 बिट इतक्या संथ गतीने पाठवतो आणि ती पूर्ण हाती यायला साधारण 30 सेकंद लागतात. पण एकदा मिळाली की ती काही तास उपयोगी पडते, आणि फोन बंद करून सुरू केला तरी बहुतेकदा शिल्लक राहते. म्हणजे पहिल्या खेपेला मिनिट आणि दुसऱ्या खेपेला पाच सेकंद, हे फाइलला हात न लावताही घडते. खरी तुलना करायची, तर दर वेळी साठवलेली माहिती पुसून, एकाच जागी उभे राहून, जुनी आणि नवी फाइल आलटून पालटून वापरायला हवी. रविवारी आम्ही पर्वतीवर जाऊन तसेच केले. एकाच फाइलने लागोपाठ घेतलेल्या दोन वेळांत जेवढा फरक पडत होता, त्याहून अधिक फरक दोन फाइलींमध्ये दिसला नाही.

"पण जवळच्या सर्व्हरवरून वेळ अचूक मिळते, मग जागाही अचूक मिळायला नको का?" असे मित्राने विचारले, आणि प्रश्न चांगला होता. मी त्याला हिशेब मांडून दाखवला. रेडिओलहर एका मिलिसेकंदात सुमारे 300 किलोमीटर जाते. इंटरनेटवरून मिळणारी वेळ काही मिलिसेकंदांनी इकडेतिकडे असतेच. तिच्यावर विसंबून अंतर मोजले असते, तर ठिपका शेजारच्या वाड्यात नव्हे, दुसऱ्या राज्यात दिसला असता. म्हणून तर फोनला किमान चार उपग्रह लागतात: अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळातली चूक, ही चारही उत्तरे तो त्यांच्याच संदेशांवरून काढतो. सर्व्हरची वेळ केवळ शोधाची सुरुवात सोपी करते.

आमच्यातल्या प्रोग्रामर मित्राला मात्र एवढा सरसकट निकाल मान्य नव्हता. त्याच्या जुन्या फोनवर बाहेरची रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइड प्रणाली, टाकल्यावर त्या फाइलमधला मदतनीस सर्व्हरचा, म्हणजे उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून झटपट पुरवणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता रिकामाच राहिला होता आणि तो भरल्यावर पहिली जागा मिळण्याचा वेळ खरोखर घटला. हे मी मान्य करतो. तुटलेली मदत जोडली तर फायदा होणारच. चालू असलेली मदत दुसरीकडून घेतल्याने फारसे काही बदलत नाही. शिवाय आता यातल्या काही सेटिंग सिमकार्डाच्या कंपनीप्रमाणे ठरतात, त्यामुळे फाइलमध्ये लिहिलेले फोन पाळेलच असेही नाही.

बोळातली चूक वेगळीच आहे. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात, त्यांचा संदेश पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून तो लांबच्या वाटेने फोनपर्यंत येतो. फोन ते वाढलेले अंतर खरे मानतो. त्यावर फाइलमध्ये इलाज नाही. एल 5 ही दुसरी वारंवारता घेणारे फोन 2018 पासून बाजारात आहेत, ते असा परावर्तित संदेश अधिक चांगला ओळखतात. पण तो गुण चिप आणि अँटेनाचा आहे.

शेवटी आम्ही मित्राची मूळ फाइल परत ठेवली. सेटिंगमध्ये त्याने वाय-फाय स्कॅनिंग बंद केले होते, ते चालू केले आणि पार्सलच्या अॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळले. आसपासच्या राउटरांवरून अंदाज घेता येऊ लागल्यावर त्याच बोळात ठिपका पूर्वीइतका भटकत नाही, असे तो काल सांगत होता. अण्णांनी लगेच विचारले, "साठवलेली माहिती पुसून पाहिलेस का?"